मागच्या खोलीची भिंत

"डोळे मीट, दादा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

"अरे, केस पिकले माझे. हे काय पोरखेळाचं वय आहे?"

रंगारी कुरकुरला खरा, पण डोळे मिटले. धाकट्या भावाचा हट्ट त्याला कधी मोडताच आला नव्हता. वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. दुसऱ्यांच्या घरी शिडीवर उभं राहून याने त्याची फी भरली. आता धाकटा बसचा ड्रायव्हर होता, एका मुलीचा बाप होता, आणि आज स्वतःचं घर दाखवायला दादाला घेऊन आला होता. उद्या खरेदीच्या सह्या व्हायच्या होत्या. त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

गल्ली रंगाऱ्याने येतानाच पाहिली होती. कुलूपवाल्याच्या खोपटाच्या जागी काचेच्या दाराचं कॉफीचं दुकान आलं होतं, लॉन्ड्रीच्या जागी जिम. मधूनमधून जुनी घरं नवी दारं लावून उभी होती, म्हातारपणी केस काळे केल्यासारखी.

"जपून, उंबरा आहे. हां, आता उजवीकडे. ही मागची खोली. पोरीची."

तोल सावरायला रंगाऱ्याने भिंतीवर हात टेकला, आणि मग बोटांनी ती खालीवर चाचपली.

घरं त्याच्या लक्षात राहत नसत, भिंती राहत. ही भिंत वरून गुळगुळीत होती, पण गार होती, आणि कमरेच्या उंचीवर तिला हलका फुगवटा होता. तो फुगवटा गेल्या उन्हाळ्यात त्यानेच पुट्टीखाली दाबला होता. तेव्हा दलालाने त्याला मागच्या बोळातून आणलं होतं, म्हणून पुढचं दार ओळखीचं वाटलं नाही. "भिंत पाझरतेय, सगळा गिलावा काढायला हवा," असं तेव्हा तो म्हणालाही होता. "तुला डॉक्टर म्हणून नाही बोलावलं. गिऱ्हाईक येईपर्यंत टिकली म्हणजे झालं," असं दलालाने सुनावलं होतं. त्याने टिकवली. तो आताशा त्याचा धंदाच होऊन बसला होता.

"उघड आता!"

समोर पिस्ता रंग होता. धाकटा होता, त्याची बायको होती, आणि दाराशी साळसूद चेहऱ्याने दलाल उभा होता.

"ओळखलंस?" धाकट्याला हसू आवरत नव्हतं. "मी यांना सहज म्हटलं, माझा भाऊ रंगारी आहे. नाव सांगितलं तर हे म्हणतात, अहो, हे घर त्यांनीच रंगवलंय! मग मी दुसरं घर बघितलंच नाही. दादाचा हात लागलाय, आता आणखी काय बघायचं?"

"इथे पोरीची कॉट लावणार," भावजय म्हणाली. "भिंतीला लागून. सध्याच्या कोंदट खोलीत फार खोकते हो बिचारी."

दलालाने रंगाऱ्याकडे पाहून भुवया उडवल्या. गप्प राहिलास तर पुढच्या गल्लीतली कामंही तुझीच, असं त्या भुवया सांगत होत्या. गप्प राहणं सोपं होतं. एवढी वर्षं जमलंच होतं की. पण पुतणीचा खोकला त्याने ऐकला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी आतून वाटली.

"इथे कॉट नका लावू," तो म्हणाला.

"का?"

पुट्टीची पत्ती त्याच्या खिशात कायम असे. त्याने ती काढली आणि फुगवट्याखाली घातली. हा एवढा मोठा पोपडा सुटून फरशीवर पडला. आतली भिंत काळी आणि ओली होती. ओल्या फडक्याचा वास खोलीभर पसरला.

"जुन्या घरात असतं हो थोडंफार," दलालाने सारवासारव सुरू केली. "आणि एरिया बघा ना! पुढच्या वर्षी इथे तुम्हाला खिडकीसुद्धा परवडणार नाही."

धाकट्याने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"रंगवताना?"

"हो रे. पण मला काय ठाऊक, तूच घेणार आहेस..."

"म्हणजे दुसरा कोणी असता तर चाललं असतं." धाकट्याने पायाने पोपडा उलटा केला. "किती घरं अशी केलीस, दादा?"

रंगारी वाकून फरशीवरचा चुरा गोळा करू लागला.

घर धाकट्याने घेतलंच. सध्याचं भाड्याचं घर पाडायला निघालं होतं, जाणार कुठे? भिंत उघडी पडल्यावर दलालालाही भाव उतरवावा लागला. तसं पाहिलं तर दादाने फायदाच करून दिला, असं भावजय बोलूनही गेली. धाकटा तेव्हा उठून बाहेर गेला.

दलालाचे कामासाठीचे फोन बंद झाले ते झालेच. रंगारी दर सुट्टीला येत राहिला. त्याने विटा दिसेपर्यंत गिलावा काढला, आतला गळका पाइप बदलून घेतला, भिंत पुरती वाळू दिली, मग नवा गिलावा केला. पूर्वी कोणत्या भिंतीसाठी इतकं थांबल्याचं त्याला आठवेना. धाकटा ड्युटीवर असायचा. निदान भावजय तसं सांगायची.

शेवटच्या दिवशी मात्र तो घरी होता. रंगाऱ्याने येताना चांगल्यातला चांगला रंग आणला होता, पुतणीने सांगितलेला पिवळा.

"हात लावून बघ," रंगारी म्हणाला.

धाकट्याने तळवा टेकला. बराच वेळ टेकून ठेवला.

"कोरडी आहे. छान झालीय."

"मग डबा उघडतो."

"नको दादा. रंग नको."

"अरे, नुसता गिलावा? बरं दिसेल का ते?"

"असू दे. खाली काय आहे ते दिसतं तरी."

तो रागाने बोलला असता तर रंगाऱ्याला बरं वाटलं असतं. तो अगदी साध्या आवाजात बोलला होता, पाहुण्याशी बोलावं तसा.

भावजयीने दिलेला चहा रंगाऱ्याने उभ्याउभ्याच संपवला. फरशीवर अंथरलेले जुने पेपर गोळा केले, पत्ती पुसून खिशात ठेवली. मग न उघडलेला डबा उचलून तो गल्लीत आला. डबा जड होता. कॉफीच्या दुकानापाशी त्याने हात बदलला आणि पुढे चालू लागला.