बोळातले चौतीस किलोमीटर

गुरुवारी सकाळी अरविंद हुपरीकरच्या घरातला, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधला बोळ चार किलोमीटर लांब झाला. आदल्या दिवशी तो नऊ फूट होता. हे नऊ फूट काही अंदाजाने सांगितलेले नाहीत. अरविंद सरकारी मोजणीदार, तीस वर्षं लोकांच्या बांधावर टेप धरून उभा राहिलेला माणूस. स्वतःचं घर त्याने केव्हाच मोजून ठेवलं होतं.

"चहा ठेवलाय," साडेसातला आतून शालन म्हणाली. बायकोचा आवाज नेहमीसारखाच आला, पलीकडच्या खोलीतून यावा तसा. चहाचा वास मात्र सव्वानऊला पोचला.

त्याचं झालं होतं असं. अरविंदला शनिवारी मोटरसायकलवरून एकट्याने निघायचं होतं. गडहिंग्लजहून आजरा, पुढे आंबोलीच्या अलीकडचं जंगल, दोन रात्री तंबूत, सोमवारी दुपारी घरी. महिनाभर तो वहीत हेच लिहीत बसला होता: पहिला मुक्काम पठारावर, दुसरा ओढ्याकाठी, पंक्चरचं सामान, काडेपेटी दोन, चहापत्ती. चोपन्नाव्या वर्षी माणसाला एवढी हौस असू नये का? पण लग्नाला एकतीस वर्षं झाली, मोजणीच्या कामाशिवाय तो शालनला सोडून कुणाच्या बारशालाही गेला नव्हता, आणि तिने अजून हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. "शनिवारी बघू," एवढंच म्हणाली होती.

या घरात हो म्हणायची रीत एकच. बाहेरगावी निघालेल्याच्या तळहातावर शालन चमचाभर दही घालते. दही पडलं की माणूस निघाला, नाही पडलं की चपला काढून परत आत. तोंडाने तिने शंभरदा जा म्हटलं असतं, तरी त्या चमच्याशिवाय अरविंदच्याने किक मारवली नसती. असा हा धाडसी प्रवासी.

त्यात शनिवारी अमावास्या निघाली. म्हणून बुधवारी संध्याकाळी चांगली वेळ बघून त्याने प्रस्थान ठेवलं, म्हणजे जायची बॅग शेजारी नेमगोंडा मगदुमांच्या सोप्यात, ओसरीवर, नेऊन ठेवली. बॅग उंबऱ्याबाहेर पडली की प्रवास सुरू झाला असं जुनी माणसं धरत. मग आपण तीन दिवसांनी निघालो तरी अमावास्या बाधत नाही.

बोळ असा लांबलेला बघून अरविंदला भीती वाटली नाही. त्याला नवल वाटलं, आणि त्याने टेप काढला. बोळात तीस मीटरपर्यंत घरातलीच फरशी होती, पुढे डांबर. उजव्या हाताला करवंदाच्या जाळ्या. छतावरची ट्यूबलाइट बरीच पुढपर्यंत गेली होती आणि तिच्यावर एक भारद्वाज बसला होता. त्याने सगळं वहीत उतरवलं. दुपारपर्यंत बोळ अकरा किलोमीटर भरला.

"शालन, तू आहेस कुठे?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? ओट्याशी."

"खिडकीतून काय दिसतंय?"

"काजूची बाग गेली आत्ताच. आता नदी येईल बहुतेक. अहो, किती छान आहे हे." तिच्या आवाजात तक्रार अशी नव्हती.

घर बाहेरून मोजलं तर सव्वीस फूटच होतं. तेव्हा बोळाला लागणारी लांबी कुठून तरी निघायलाच हवी, आणि ती बाहेरच्या खोलीतून निघत होती. शुक्रवारी सकाळी सोफा फ्रीजला टेकला. दुपारी सोफा अंगणात काढावा लागला. तेव्हाच नेमूअण्णा मगदूम म्हशीची धार काढायला निघाले होते, ते दारात थांबले.

"काय ओ, घर आटलंय की तुमचं."

अरविंदने बोळ दाखवला. नेमूअण्णांनी आत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि त्याला आपल्या सोप्यात नेलं. बॅग भिंतीशी होती. त्यांनी चेन उघडली. तंबूची पिशवी फाटली होती म्हणून अरविंदने तो शालनच्या जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळला होता. विचारलं नव्हतं; ट्रंकेत वरच पडलं होतं.

"एकट्याचं प्रस्थान म्हणालासा की."

"एकट्याचंच आहे."

"मग हे लुगडं?"

"तंबूला गुंडाळलंय."

"गुंडाळलंय कुठलं, ठेवलंय. वहिनींचंबी प्रस्थान ठेवलंय तुम्ही. त्या निघाल्या. तुम्ही बसलाय."

"बॅग परत घरात आणली तर?"

"प्रस्थान परत उंबरा ओलांडत नसतंय," नेमूअण्णा म्हणाले आणि म्हशीकडे गेले.

शनिवारी सकाळी बाहेरची खोली सात फूट राहिली. तेवढ्यात फ्रीज, आत घेतलेली मोटरसायकल आणि अरविंद कसेबसे मावत होते. स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून फ्रीज पहिल्यापासून बाहेरच्या खोलीत, त्यामुळे दही इथे होतं आणि दही घालणारा हात चौतीस किलोमीटरवर. दोन्ही एकत्र आणल्याशिवाय सुटका नव्हती. त्याने दह्याचं भांडं मफलरमध्ये बांधलं, चमचा खिशात घातला आणि तसाच, हातावर काही न पडता, किक मारली. त्याला फार चुकल्यासारखं वाटलं.

रस्ता सुरेख होता. नवव्या किलोमीटरला भिंतीवरचं कॅलेंडर लागलं, एका वळणावर भरलेला सिलिंडर. मग घाट सुरू झाला आणि ट्यूबलाइट झाडांच्या वर निघून गेली. त्याने वहीत लिहिलेली प्रत्येक जागा त्याच क्रमाने येत होती, फक्त प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधीच चहा करून गेल्याचा वास होता.

पठारावर स्वयंपाकघर उभं होतं, तीन भिंतींचं. शालन पाटावर बसून जंगलाकडे बघत होती. पदर खोचलेला, पायांत त्याचे बूट.

"आलात?"

"दही आणलंय."

"बरं केलंत. तेवढंच राहिलं होतं."

अरविंदने उजवा तळहात पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलं, उठून उभी राहिली आणि आपला तळहात त्याच्यासमोर धरला.

"मला घाला. पुढचं बघून येते. दोन रात्री. सोमवारी दुपारी घरी."

"एकटीच?"

"वहीत तसंच लिहिलंय तुम्ही."

नाही घातलं तर ती बूट काढेल आणि आत येईल, हे त्याला ठाऊक होतं. एकतीस वर्षांत कधी तिने दही घातलं नसतं, तर तोही तसाच आत आला असता. दर वेळी चमचा भरताना हिला असंच होत असेल का, हा विचार त्याला आज पहिल्यांदा आला, आणि त्याची त्याला लाज वाटली. मोटरसायकलच्या आरशात पाहिलं तर बाहेरच्या खोलीतला फ्रीज इथवर येऊन मागच्या चाकाला टेकला होता.

"घाला की," शालन म्हणाली. "ऊन चढेल."

त्याने चमचा काठोकाठ भरला. मनापासून भरला. तिचा तळहात समोरच होता, आणि त्याच्या डोळ्यांनी सवयीप्रमाणे मधलं अंतर मोजलं: एक वीत. त्याने हात लांबवला. दीड वीत भरली. तो एक पाऊल पुढे झाला, दही सांडू न देता. शालन हात तसाच धरून, त्याच्याकडे बघत, जागची न हलता उभी होती, आणि दोघांच्या मधे आता साडेतीन फूट ताजं डांबर होतं.