सरांची कवळी

आईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला चार शब्द बोलायचे म्हणून लेक वही घेऊन बसली. "आई, आयुष्यात काय काय केलंस ते पटापट सांग."

"कवळ्या," आई म्हणाली.

लेक खो खो हसली. "अगं, नीट सांग ना!"

तिने नीटच सांगितलं होतं. सत्तावीस वर्षं ती एका लहानशा प्रयोगशाळेत कवळ्या बनवत होती. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. ती त्यांत प्लास्टर ओतायची, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवून एकेक दात बसवायची. शहरातली हजारो माणसं तिच्या दातांनी चावत होती, हसत होती, भांडत होती, आणि आभार डॉक्टरांचे मानत होती. गल्लीत तिला 'दातवाल्या बाई' म्हणायचे. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हिच्या तोंडी लागू नका, सगळ्यांची तोंडं हिच्याच हातात आहेत!"

वाढदिवस पार पडला, पण लेकीचा प्रश्न आईच्या मनात अडकून राहिला. खरं तर आयुष्यात अभिमानाने दाखवावी अशी एकच गोष्ट तिने केली होती, आणि ती कला महाविद्यालयाच्या दारात दुसऱ्याच्या नावाने उभी होती.

शेवटच्या वर्षाला असताना तिने आत्याचं डोकं मातीत घडवलं होतं. तिची आई लवकर गेल्यावर याच आत्याने तिला वाढवलं. पुढे आलेली हनुवटी, उजव्या कानाची फाटलेली पाळी, वाद घालता घालता क्षणभर थांबल्यासारखा चेहरा. तीन महिने आत्या घराच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसली होती. डोकं कॉलेजात नेऊन ठेवलं आणि त्याच आठवड्यात वडील गेले. पंधरा दिवसांनी ती परतली तेव्हा डोकं जागेवर नव्हतं. वर्षभराने तेच ब्राँझमध्ये ओतून कॉलेजच्या पायऱ्यांपाशी बसलं. खाली नाव शिल्पकलेच्या सरांचं. त्यांना त्यासाठी मोठं पारितोषिकही मिळालं होतं.

ती तणतणत सरांच्या खोलीत गेली. सरांनी मानसुद्धा वर केली नाही.

"माती कॉलेजची, शिकवलं मी. तुझं त्यात काय? तुझे हात कारागिराचे आहेत. कुठेतरी साचे भर, आयुष्य निघेल."

तिने साचेच भरले. मातीला पुन्हा हात लावला नाही, आणि त्या रस्त्यानेही कधी गेली नाही.

वाढदिवसानंतर दीड महिन्याने दवाखान्यातून एक ठसा आला. चिठ्ठीवर सरांचं नाव होतं. पाठोपाठ डॉक्टरांचा फोन.

"ताई, मोठे शिल्पकार आहेत. एकही दात शिल्लक नाही. तीन आठवड्यांनी कॉलेजात सत्कार आहे, भाषण करायचंय. जरा मन लावून करा."

ती ठशाकडे बघत बसली. या माणसावर तिचा सत्तावीस वर्षं दात होता, आणि आता त्याचे सगळेच दात तिच्या हातात आले होते.

काय काय करता आलं असतं! वरची कवळी जराशी उंच ठेवली की शब्दाशब्दाला टकटक. पुढचे दोन दात किंचित सरकवले की प्रत्येक 'स'ला शिट्टी. 'सन्माननीय सभासदहो' म्हणताना भर सभेत शिट्टी! तिने मेणात तसे दात बसवूनही पाहिले. तो तास फार सुखात गेला. मग तिला त्याहून वाईट काहीतरी सुचलं. तिने सगळे दात उपटले आणि पहिल्यापासून बसवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी मातीची गोणी घेऊन ती आत्याकडे गेली. आत्या आता एक्याऐंशीची होती, पण जीभ तशीच.

"आत्या, पुन्हा बसशील?"

"आता? या थोबाडाचं काय करणारेस?"

"सूड उगवायचाय."

आत्याने स्वतःच स्टूल ओढलं. "मग आधी सांगायचंस. चष्मा ठेवू की काढू?"

पहिले तीन दिवस हात ऐकेनात. चण्याएवढ्या दातांची सवय झालेली बोटं गालापाशी अडखळायची. सरांचा आवाज आठवला की ती माती गळा दाबल्यासारखी दाबायची. चौथ्या दिवशी आत्याच्या पापणीखालची सुरकुती पकडताना दोन तास सर आठवलेच नाहीत. लक्षात आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. इतक्या स्वस्तात कसे सुटतील?

कवळी वेळेवर गेली. डॉक्टर म्हणाले, "ताई, इतकं सुबक काम तुम्हीसुद्धा आजवर केलं नव्हतं!"

"त्यांचा शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला पाहिजे," ती म्हणाली.

सत्कार सकाळी अकराला होता. व्यासपीठावर ब्राँझचं डोकं आणून ठेवलं होतं. सरांनी पाऊण तास खणखणीत भाषण केलं. मग प्राचार्यांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? ती उभी राहिली. सरांनी तिला ओळखलं नाही.

"सर, ही बाई कोण होती?"

"कॉलेजच्या बांधकामावरची एक मजूर," सर हसले. दात झकास दिसले. "मी रोज तिला समोर बसवायचो. बिचारी लवकरच गेली. पण माझ्या हातून ती अमर झाली."

शेजारच्या खुर्चीतून आत्या काठी टेकत उठली.

"मी कधी गेले हो?"

सभागृहात हशा पिकला. आत्या पायऱ्या चढून ब्राँझच्या शेजारी उभी राहिली आणि तिने कानावरचे केस मागे सारले, तेव्हा तो हशा विरला. तीच फाटकी पाळी, तीच हनुवटी. मग भाचीने खोक्यातून प्लास्टरमध्ये ओतलेलं नवं डोकं काढून त्या दोघींच्या मध्ये ठेवलं. सत्तावीस वर्षांनी म्हातारा झालेला तोच चेहरा, त्याच हातचा.

"हे मी गेल्या पंधरवड्यात केलं. ते माझ्या शेवटच्या वर्षाचं," ती म्हणाली. "आणि सर, आत्ता ज्या दातांनी तुम्ही खोटं बोललात ना, तेही मीच केलेत."

सरांची दातखीळ बसली. पहिल्या रांगेतला एक माजी विद्यार्थी हळूच म्हणाला, "माझंही एक काम असंच गेलं होतं." तेव्हा तर सर खालीच बसले.

सूड घेऊन काही मिळत नाही असं सांगणाऱ्यांना तो बहुधा नीट घेता आला नसावा. तिला त्या दिवशी सपाटून भूक लागली, आणि परतताना रिक्षात आत्या-भाची शाळकरी मुलींसारख्या फिदीफिदी हसल्या.

कॉलेजने समिती नेमली. तीन महिन्यांनी सरांच्या नावाची पाटी निघाली, आणखी दोन महिन्यांनी तिच्या नावाची लागली. काही जण म्हणाले, त्यांच्या वयाचा तरी मान ठेवायचा. नवरा म्हणाला, "झालं ना समाधान? आता सोड."

तिने सोडलं नाही. एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला.

"ताई, सरांना एकदा भेटायचंय म्हणे. बहुतेक माफी मागायची असेल."

"कवळी टोचत असेल तर तुमच्याकडे या म्हणावं. मला वेळ नाही."

ते खरंच होतं. प्रयोगशाळेत ती आता सकाळपुरतीच जायची. घराच्या मागच्या खोलीत त्या क्षणी गल्लीतला पोस्टमन खांद्याला थैली लावून स्टुलावर बसला होता आणि केव्हापासून विचारत होता, "बाई, नाक खाजवू का?"

"मुळीच नाही," ती म्हणाली, आणि ओल्या मातीत अंगठा रुतवला.