सुरूची सोललेली साल

मित्रांनो, मी उताराच्या बांधावर उभे असलेले सुरूचे एक जुने झाड आहे. दुरून पाहाल तर हिरवेगार दिसेन. पण माझे दिवस भरले आहेत.

हे शेत एका बाईचे. तिला सारे वहिनी म्हणतात. पूर्वी इथली माती पावसात वाहून जाई आणि उरलीसुरली उन्हाळ्यात वाऱ्यावर उडे. म्हणून वहिनीने बांधावर आमची रांग लावली. जनावरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती काटे रोवले. आम्ही वाढलो, वारा अडवला, माती धरून ठेवली. सुतार माझ्यावर थाप मारून म्हणे, "काय सरळसोट आहे हो! घराचा खांब होईल." ते ऐकून मी उगाचच आणखी ताठ होई.

खालचे शेत वहिनीच्या दिराचे. त्याच्या डोळ्यांत आमची सावली खुपू लागली.

"वहिनी, तुमची झाडं माझं पीक खातात."

"फांद्या छाटते, भावोजी. पण झाडं राहू द्या. तुमच्या शेतावरचाही वारा तीच अडवतात ना?"

तो नुसता हसला.

पुढे वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि दीर भर दुपारी कोयता घेऊन आला. त्याने एकेका झाडाची साल बुंध्यापाशी गोल सोलली आणि घाव दिसू नये म्हणून वर चिखल लिंपला. अशी साल गेली की झाड हळूहळू मरते. मित्रांनो, झाडाला ओरडता येत नाही.

वहिनी परतली. गवत काढताना तिचा हात लागून चिखलाचा पोपडा निखळला. तिने पुढचे झाड पाहिले, त्याच्या पुढचे पाहिले. मग तिने दिराला हाक मारली.

"हे काय केलंत, भावोजी?"

"वाटलं, हळूहळू वाळतील. तुमच्याशी उगाच भांडण नको."

"भांडायचं होतंत! चार दिवस बोलले नसते, मग बोलले असते. आता या झाडांशी काय बोलू?"



वहिनी आमच्या मधल्या जागेत नवी रोपे लावू लागली, तेव्हा दीर पाण्याच्या घागरी घेऊन आला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. पण नकोही म्हणाली नाही.

मेल्यावरही आमची मुळे काही काळ माती धरून ठेवतील. ती कुजण्याआधी या रोपांची मुळे खोल जातील का, मला ठाऊक नाही. मित्रांनो, इकडून जाल तेव्हा त्यांना जपा. आमच्याकडे बघत थांबू नका.