पाण्यातले देव

मधुमतीने एका हाताने देव धरून ठेवले आणि पातेलं कलतं करून कालचं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं. बाळकृष्ण, गणपती आणि अन्नपूर्णा, अंगठ्याएवढे तीन देव. मग माठातलं ताजं पाणी घातलं. अन्नपूर्णेच्या हातातली पळी बुडेपर्यंत पाणी हवं, असा तिचा नेम होता. लखनौच्या इंदिरा नगरमधल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पहाटेपासून लाईट नव्हती आणि जुलैचा उकाडा भिंतींना चिकटून बसला होता.

"या घरात सुखी कोण असेल तर हे तिघेच," वर्तमानपत्राने वारा घेत नंदकुमार स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. "आम्हालाही बसव की एखाद्या पातेल्यात."

"तुमच्या मापाचं पातेलं यहियागंजाच्या सगळ्या भांडीबाजारात मिळायचं नाही."

देव पाण्यात ठेवायची ही रीत मधुमतीच्या माहेरची, मिरजेची. मनात काही धरायचं आणि देव पाण्यात बसवायचे. मागितलेलं पदरात पडलं की त्यांना बाहेर काढून पुसायचं, गोडाचा नैवेद्य दाखवायचा आणि देव्हाऱ्यात परत नेऊन ठेवायचं. तोवर देव्हारा रिकामा. लखनौला आल्यापासून तिने देवांना असं कधी वेठीला धरलं नव्हतं. या मेमध्ये धरलं, लेक हिमानी दिल्लीला मुलाखतीला निघाली त्या सकाळी.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीची ती मुलाखत होती. स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाने हिमानीला आधीच प्रवेश दिला होता, अडलं होतं ते खर्चाशी. जुन्या चुन्याच्या इमारती कशा वाचवायच्या हे तिला शिकायचं होतं. लखनौच्या पडक्या नवाबी कोठ्या, पातळ लखौरी विटांच्या कमानी, गिलाव्यातली वेलबुट्टी यांच्यावर ती घरातल्या आजारी माणसांबद्दल बोलावं तशी बोलायची. तिच्या ओढण्यांवरचा चुना धुऊन धुऊन मधुमतीची बोटं उलली होती.

त्या सकाळी निघताना हिमानीने पातेलं पाहिलं आणि ती आईच्या गळ्यात पडली.

"आई, मेरे लिए रखे?"

मधुमतीने मान हलवली. त्यात खोटं काही नव्हतं. देव हिमानीसाठीच ठेवले होते, फक्त मागणं उलटं होतं. हिला पाठवू नका, एवढंच ती मनात म्हणाली होती.

असं मागणाऱ्या आईला काय म्हणावं, हा प्रश्न तिला पडला नव्हता असं नाही. पण तिलाही तिचं कारण होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा नंदकुमार इथल्या औषध संशोधन केंद्रात नुकते तंत्रज्ञ म्हणून लागले होते आणि दोन वर्षांत पुण्याकडे काहीतरी बघतो म्हणाले होते. ते बघणं अजून चालू होतं. मिरजेहून निघताना आईने ही अन्नपूर्णा तिच्या ओटीत घातली होती. ती आई गेली तेव्हा मधुमती झाशीच्या अलीकडे, धुक्यात अडकलेल्या गाडीत बसून होती. मुलगी लांब जाणं म्हणजे काय, हे तिला जाणाऱ्या बाजूने पुरतं ठाऊक होतं. आता मागे राहणाऱ्या बाजूने ते सोसायची तिची हिंमत नव्हती.

जूनमध्ये यादी लागली, तीत हिमानीचं नाव आलं. शेजारच्या मिश्रा भाभी मिठाई घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अब तो भगवान को बाहर निकालो. "पत्र हातात पडू दे," मधुमती म्हणाली. सगळ्यांना ते तिचं शहाणपण वाटलं.

आज पाणी बदलून झालं तरी नंदकुमार अजून दारातच उभे होते. त्यांना बाजूला सारून हिमानी आत आली. तिच्या हातात फोन होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"फंड ही नहीं है," ती म्हणाली. "मेल आलीय. आधी लिस्ट लावली, अब बोल रहे हैं इस साल पैसा कम कर दिया. ऊपरवालों को मिलेगा. बाकीच्यांना, अगर पैसा आया तो."

"म्हणजे नाव कापलं?" नंदकुमारांनी विचारलं.

"नाव है, बाबा. पैसा नहीं है."

मधुमतीचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर सगळ्यात आधी तेच झालं. मग तिने लेकीचा चेहरा पाहिला. हिमानी रडत नव्हती. शाळेत असताना पोहण्याच्या शर्यतीत हरून आल्यावर ती अशीच ओठ आत ओढून उभी राहायची. मधुमतीला स्वतःचीच लाज वाटली, इतकी की लेकीला जवळ घ्यायला हात पुढे करवेना. ओले हात ती नुसती पदराला पुसत राहिली.

हिमानीने खोलीचं दार लावून घेतलं. जेवायला बोलावलं की यायची, पानातलं चिवडायची आणि उठून जायची. चुन्याचे नमुने भरलेल्या काचेच्या बरण्या तिने खिडकीतून काढून पलंगाखाली ढकलल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नंदकुमार म्हणाले, "मधू, देव काढ आता."

"का?"

"का म्हणजे? झालं ना."

रीतीप्रमाणे पाहिलं तर खरंच काढायला हवे होते. तिने मागितलं, देवांनी दिलं. पण काढायचे म्हणजे नैवेद्य आला, आणि आत पोरगी उशीत तोंड खुपसून पडलेली असताना शिऱ्याला रवा कोणत्या हाताने भाजायचा? नैवेद्य न दाखवता काढावेत, तर ती देवांची फसवणूक. म्हणून मधुमतीने काहीच केलं नाही. रोज सकाळी त्यांच्याकडे नीट न बघता ती पाणी तेवढं बदलत राहिली.

अशाच एका सकाळी मागून आवाज आला.

"तूने निकाले नहीं?"

हिमानी केस न विंचरता दारात उभी होती. ती पातेल्यापाशी आली आणि तिने वाकून आत पाहिलं.

"सगळ्यांनी सांगितलं, छोड़ो, यहीं कुछ देख लो. बाबा पण म्हणाले. मला वाटलं तू पण सोडून दिलं असशील." तिने नाक वर ओढलं. "तू नहीं मानी, तो मैं क्यों मान लूँ?"

मधुमतीने तोंड उघडलं असतं तर खरं तेच बाहेर पडलं असतं. तिने पातेलं उगीच इंचभर बाजूला सरकवलं आणि विचारलं, "चहा टाकू?"

"टाक. आलं घाल."

त्या दिवसापासून घराचं वारंच फिरलं. हिमानीने न्हाऊन केस बांधले, बरण्या परत खिडकीत मांडल्या आणि तिच्यासारखीच यादीत खाली राहिलेली मुलं शोधून काढली. ओडिशाचा एक होता, झारखंडची एक मुलगी होती, विदर्भातले दोघं होते. सगळ्यांनी आपापल्या विद्यापीठांना, जागा धरून ठेवा, म्हणून लिहिलं. सगळ्यांनी मिळून दिल्लीला जायचं, संबंधित साहेबांना भेटायचं आणि निवेदन द्यायचं, असं ठरलं. जेवताना, भांडी लावताना, कपडे वाळत घालताना तिच्या कानाला फोन असे. आणि प्रत्येकाला ती तेच सांगे, मेरी माँ ने अभी तक भगवान को पानी में रखा है.

एकदा तिने फोन आईपुढे धरला. पडद्यावर झारखंडची मुलगी होती, बारीक चेहऱ्याची. तिच्यामागे कुठल्याशा वसतिगृहातली कॉट दिसत होती.

"आंटी, हमारे लिए भी बोल दीजिएगा."

"बोलेन हं," मधुमती म्हणाली. मग आठवून हिंदीत म्हणाली, "बोल दूँगी, बेटा."

शब्द तर देऊन बसली होती. आता हिमानीच्या एकटीच्या नव्हे, त्या सगळ्या मुलांच्या वाटेवर आपलं मागणं आडवं पडलंय, असं तिला वाटायला लागलं. वरणाला फोडणी घालतानाही त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

दिल्लीला निघायच्या सकाळी तिने आंघोळ करून शिरा केला. हिमानीला वाटलं, प्रवासासाठी. मधुमतीने तिन्ही देव बाहेर काढले, जुन्या मऊ पातळाच्या तुकड्याने पुसले आणि देव्हाऱ्यात ठेवले. वाटीभर शिरा पुढे ठेवून तिने हात जोडले.

"दिलंत ते मिळालं," ती मनात म्हणाली. "आता ते परत घ्या."

मग तिने उठून पातेलं घासलं आणि माठातून पाणी भरलं. तेवढ्यात पाठीवर सॅक घेऊन हिमानी नमस्काराला आली आणि देव्हाऱ्यातले देव बघून तिचा चेहरा उतरला.

"निकाल दिए?"

"आज नव्याने ठेवायचेत. बस इथे माझ्याजवळ."

"आणि पहिलं? ते नाही झालं ना?"

"पहिलं संपलं," मधुमती म्हणाली.

हिमानी सॅकसकट मांडी घालून बसली. मधुमतीने बाळकृष्णाला पाण्यात सोडलं, मग गणपतीला. अन्नपूर्णा हातात घेतली तेव्हा तिचा हात थांबला. आईने ही आपल्या ओटीत घातली तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल, हे तिने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला कोणी नव्हतं.

"मनात नाही हं, मोठ्याने मागायचं आज," ती म्हणाली, आणि तिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर जाईल इतका चढला. "माझ्या लेकीला जाऊ दे. तिच्याबरोबरची ती सगळी पोरं आहेत, त्यांनाही जाऊ दे."

अन्नपूर्णा पाण्यात बसली. हिमानीने आईच्या पायांना हात लावला, डोळे पुसत हसली आणि बूट घालायला बाहेर गेली.

नंदकुमार दारात उभे होते. तिला स्टेशनवर सोडायला तेच जाणार होते.

"हे मेमध्ये मागायचं होतंस," ते हळूच म्हणाले.

हात पुसता पुसता मधुमती थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"यादी लागली तरी तू देव काढले नाहीस. तेव्हाच ओळखलं."

"मग बोलला का नाहीत मला?"

नंदकुमारांनी बाहेर पाहिलं. हिमानी वाकून लेस बांधत होती.

"काय बोलणार? मीही तेच मागत होतो."

"बाबा, चलो ना," हिमानीने हाक मारली, "गाड़ी छूट जाएगी."

"आलो, आलो," ते म्हणाले. दोन पावलं गेले आणि परत आले. पातेल्यातल्या पाण्यात बोटं बुडवून त्यांनी ती डोळ्यांना लावली. मग खिसे चाचपत, ओट्यावर, फ्रिजवर स्कूटरची किल्ली शोधू लागले. ती त्यांच्या डाव्या हातातच होती. मधुमतीने जवळ जाऊन त्यांची मूठ उघडून दाखवली.