आणखी एक स्वावलंबी

ज्या कार्यालयाच्या पाटीवर सगळ्यात लांब नाव असतं, त्याच्या वाट्याला सगळ्यात लहान खोली येते, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. या महाविद्यालयात त्या पाटीवर 'विद्यार्थी कल्याण, साहाय्य व समान संधी कक्ष' असं लिहिलं होतं. आत एक टेबल, एक कपाट, दोन खुर्च्या आणि कल्याणताई. ताईंचं खरं नाव वेगळं होतं, पण पाटीकडे बघून कुठल्याशा जुन्या तुकडीनं हे नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता तर प्राचार्यही त्यांना त्याच नावानं हाक मारत.

कल्याणताई दमलेल्या होत्या. आजच्या नव्हे, कित्येक वर्षांच्या. कुणाला वसतिगृहात तळमजल्यावर खोली हवी, कुणाला जिन्याला कठडा हवा, कुणाला वर्गात पुढचा बाक हवा. सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, वर जाऊन सांगायचं, वरून 'बघू' ऐकायचं आणि खाली येऊन तेच 'बघू' जरा गोड करून सांगायचं. अशा नोकरीत माणूस वाईट होत नाही, पण 'का' विचारायचं त्याचं त्राण जातं.

ताईंचं सगळ्यात नावाजलेलं काम म्हणजे परीक्षेच्या दिवसांतली कोपऱ्यातली खोली. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात चालत नाही, ज्यांना वाचायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, अशा सगळ्यांची परीक्षा त्या एका खोलीत व्हायची. ज्यांना स्वतः लिहिता येत नाही त्यांच्या शेजारी लेखनिक बसायचा. विद्यार्थ्यानं सांगायचं, त्यानं लिहायचं. पंखा चांगला, उजेड भरपूर, पर्यवेक्षक एकच. पाहुणे आले की प्राचार्य ती खोली आवर्जून दाखवत. "सगळी सोय एका छताखाली!" ताई पेपर सुरू होण्याआधी येऊन बाकं नीट लावून घेत, सगळ्यांना शुभेच्छा देत, एक फोटो काढत आणि आपल्या कागदांच्या ढिगाऱ्याकडे परत जात.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कक्षाच्या वार्षिक अहवालात एक रकाना होता, 'स्वावलंबी झालेले विद्यार्थी'. ज्यानं मदत घेणं बंद केलं, तो स्वावलंबी. का बंद केलं, यासाठी रकाना नव्हता. समारंभात प्राचार्य हा आकडा जरा थांबून, आवाज चढवून वाचत आणि सभागृह टाळ्या वाजवी.

परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच पेपरानंतर शेवटच्या वर्षाची एक मुलगी ताईंच्या दारात येऊन उभी राहिली. तिला जग डागाडागांनी दिसायचं. भिंग लावून, कागदाला नाक टेकवून ती एकेक अक्षर वाचू शकायची, पण तेवढ्यात बाकीच्यांचं पान उलटलेलं असायचं. पोरगी हुशार होती, इतिहास घेऊन शिकत होती आणि तिला शिक्षिका व्हायचं होतं. घरातून तिला स्पष्ट सांगितलेलं होतं, या वर्षी पास झालीस तर पुढे शीक, नाहीतर बस झालं शिक्षण. हे ताईंनाही ठाऊक होतं.

"ताई, मला पुढच्या पेपरापासून लेखनिक नको."

"का गं? ती पहिल्या वर्षाची मुलगी नीट लिहीत नाही का?"

"छे, छे. चांगली आहे ती. मीच लिहीन आता. भिंग आहे ना माझं."

"पेपर पुरा होईल तुझा?"

मुलीनं भिंग पिशवीत टाकलं. "बघू," म्हणाली.

हा शब्द ताईंनी जन्मभर वापरलेला. त्याच्यामागे काय दडलेलं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? पण दुपारची वेळ, डोकं जड झालेलं, बाहेर आणखी चौघं उभी. लेखनिक मिळवताना दरवर्षी नाकी नऊ येत; एक कमी झाला म्हणजे तेवढीच उसंत. ताईंनी 'लेखनिक नको' अशा अर्जावर तिची सही घेतली. मुलगी भिंत चाचपत निघून गेली.

तेवढ्यात प्राचार्य दारावरून चालले होते. त्यांनी डोकावून विचारलं आणि ताईंनी सांगितलं.

"वा!" प्राचार्य खूश झाले. "आणखी एक स्वावलंबी!"

संध्याकाळी घरी नेहमीचा गोंधळ. टीव्हीवर सामना, कुकरच्या शिट्ट्या, नवऱ्याचा फोन आणि त्या सगळ्यावर मुलाचा आवाज. ताईंची आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळ्यांकडे बघत हसत होती. गेल्या वर्षी तिला कानाचं यंत्र आणून दिलं होतं. सुरुवातीला ती ते लावायची, आताशा ते डबीतच असायचं.

जेवताना ताईंनी त्या मुलीची गोष्ट सांगितली. मुलगा म्हणाला, "म्हणजे आजीसारखंच झालं! आजीलाही हल्ली मशीन लागत नाही. बघ, कशी मजेत असते!"

आजी पुन्हा हसली. तिला काहीही ऐकू गेलेलं नव्हतं.

जेवणं झाली. बापलेक पाय मोकळे करायला बाहेर पडले. टीव्ही बंद झाला. ताई ओटा पुसत होत्या, तर आई डबी उघडून यंत्र कानात बसवत स्वयंपाकघरात आली.

"हं, आता बोल. मघाशी काय सांगत होतीस?"

ताई बघतच राहिल्या. "अगं आई, तुला लागत नाही ना ते?"

"लागत नाही असं कोण म्हणालं?"

"मग काढून का ठेवतेस?"

"तुम्ही सगळे एकदम बोलता म्हणून. हे लावलं की सगळंच मोठं होतं. टीव्ही मोठा, शिट्टी मोठी, जावईबापूंचा फोन मोठा. त्यात मला हवं ते एक वाक्य कुठलं सापडायला? डोकं उठतं नुसतं. त्यापेक्षा काढून ठेवते आणि हसत बसते. हसलं की कुणी काही विचारत नाही."

"मग सांगायचंस ना मला!"

"कसं सांगणार गं? तू एवढ्या हौसेनं आणलंस. सगळ्यांना कौतुकानं दाखवलंस. आता त्यातही खोड काढली तर म्हणाल, म्हातारीचं कशानं समाधानच होत नाही."

ताईंच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी त्या मुलीची गोष्ट पुन्हा, हळूहळू सांगितली. आईनं सगळी ऐकून घेतली.

"तिनं का सोडलं, विचारलंस?"

"एकदा विचारलं की. म्हणाली, मीच लिहीन."

"पुन्हा विचारलंस?"

"नाही."

"आणि तुझी ती खोली. तिथं पेपर चालू असताना तू कधी बसलीयेस?"

इतक्या वर्षांत त्या तिथे बसल्या नव्हत्या. बसायचं कशाला? सोय तर झालेली होती!

"तू वाईट नाहीस बाई," आई म्हणाली, "दमलीयेस. पण दमलेल्या माणसानं केलेली सोय आधी त्याची स्वतःची होते. ज्याच्यासाठी केली, त्याचं फक्त नाव लागतं. जरा जाऊन बस तिथं."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा पेपर नव्हता, पण बाकीच्यांचे होते. ताईंनी शेवटच्या बाकाजवळ खुर्ची ओढली आणि बसल्या. पर्यवेक्षक म्हणजे भूगोलाचे सर. ते जरा बिचकलेच. "काही चुकलं का, ताई?"

"नाही सर. चालू द्या तुमचं."

घंटा झाली आणि खोली बोलायला लागली. एकीकडे अर्थशास्त्र, दुसरीकडे मानसशास्त्र, खिडकीशी आणखी एक अर्थशास्त्र. सगळे एकदम! ज्या मुलाला वाचायला वेळ लागायचा म्हणून जास्तीचा वेळ दिला होता, तो दोन्ही कानांत बोटं घालून एकाच ओळीवर अडकून बसला होता. बोटं काढून लिहायला घेतलं की वाचलेलं विसरत होता. भूगोलाचे सर मधून मधून ओरडत, "हळू! हळू बोला! उत्तरं फुटतील!" सरांचंही काय चुकलं? दोघांचा विषय एक. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडणारच. मग सांगणारा कुजबुजायचा, लेखनिक म्हणायचा "काय?", तो पुन्हा सांगायचा, लेखनिक पुन्हा "काय?", तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं सांगितलं की सरांचं "हळू!" ठरलेलं. खिडकीजवळच्या मुलानं एक आख्खा परिच्छेद असा अर्ध्यावर आणला आणि मान खाली घातली.

"राहू दे," तो लेखनिकाला म्हणाला. "पुढचा प्रश्न घे."

राहू दे! येणारं उत्तर, पाठ असलेलं, समजलेलं उत्तर आणि राहू दे! हीच ती खोली, जी आपण पाहुण्यांना दाखवतो! त्यांना गेल्या वर्षीचा एक मुलगा आठवला. तोही असाच मध्येच 'मला नको' म्हणून गेला होता, स्वावलंबी म्हणून मोजला गेला होता आणि नापास झाला होता. पुन्हा तो महाविद्यालयात दिसला नाही. त्याच्यासाठीही टाळ्या वाजल्या होत्या, आणि वाजवणाऱ्यांत ताईही होत्या.

पेपर संपल्यावर त्या ग्रंथालयात गेल्या. मुलगी खिडकीशी बसली होती, भिंग पुस्तकावर आणि नाक भिंगावर. ताई शेजारी बसल्या.

"आज मी त्या खोलीत बसले होते. पूर्ण वेळ."

मुलीनं मान वर केली. मग म्हणाली, "ताई, काल माझे तीन प्रश्न राहिले. येत होते सगळे. सांगून सांगून घसा बसला. मला वाटलं, एकटीनं लिहिलं तर निदान राहिलेले प्रश्न माझ्यामुळे तरी राहतील."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही इतकं करता आमच्यासाठी. वर तक्रार कशी करायची?"

ताईंना आईचं वाक्यच पुन्हा ऐकल्यासारखं झालं. त्या उठल्या आणि तडक प्राचार्यांकडे गेल्या.

प्राचार्यही काही दुष्ट नव्हते. त्यांच्या टेबलावरही ढीग होता. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "पटतंय, ताई. पण एकेकाला एकेक खोली? कुठून आणू? बाकीचे म्हणतील, यांचेच लाड. समान संधी म्हणजे सगळ्यांना सारखंच ना?"

"सर, बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये आपण मुलांना बोलू देतो का?"

"परीक्षेत? शक्यच नाही."

"का?"

"बाकीच्यांना लिहिता कसं येईल..." प्राचार्य बोलता बोलता थांबले.

"मग यांनाही शांतता द्या. बाकीच्यांना मिळते तेवढीच. जास्त नकोच."

प्राचार्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पण खोल्या?"

"एक माझी घ्या. बैठकीची खोली परीक्षेत रिकामीच असते, तिथे फक्त बिस्किटं सादळतात. ग्रंथालयामागे एक आहे. आणखी बघू... नाही, बघू नाही. आजच शोधते. आणि अहवालातला तो स्वावलंबींचा रकाना काढून टाकते."

"अहो, आपला सगळ्यात चांगला आकडा आहे तो!"

"म्हणूनच," ताई म्हणाल्या.

सगळ्यांना खोल्या मिळाल्या नाहीत. दोघांना त्या कोपऱ्यातल्या खोलीतच बसावं लागलं, पण वेगवेगळ्या वेळी. पर्यवेक्षक कमी पडले, दोन प्राध्यापक कुरकुरले, एकानं तर "ताईंना नवीनच खूळ लागलंय" असंही ऐकवलं. दिवसभर जिने चढून उतरून ताईंचे गुडघे बोलायला लागले. हे असं पुढच्या परीक्षेलाही करावं लागणार, त्याच्या पुढच्याही, आणि दरवेळी कुणीतरी कुरकुरणारच, हे त्यांना दिसत होतं. त्यांना झोप आली होती, अगदी मनापासून.

मुलीच्या पुढच्या पेपरला ताईंनी आपलं टेबल रिकामं करून दिलं. आत ती, तिची पुन्हा बोलावलेली लेखनिक आणि एक पर्यवेक्षिका. ताई आपली कागदपत्रं घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या.

दार लोटलेलं होतं. आतून मुलीचा आवाज येत होता, सरळ, मोकळा, वर्गात शिकवावं तसा. ताईंना शब्द कळत नव्हते, पण आवाज कुठे अडखळत नव्हता. मग तो एकदम थांबला. पुन्हा काही बिनसलं की काय?

"खोड ते," आतून मुलगी स्पष्ट म्हणाली. "चुकलं माझं. पुन्हा सांगते, नीट."

इतकंच. पण त्या कोपऱ्यातल्या खोलीत एवढा वेळ बसूनही ताईंनी हे एकदाही ऐकलं नव्हतं. तिथे चुकीचं तसंच ठेवून सगळे पुढे जात होते. चुकायचा आणि दुरुस्त करायचा हक्क, जो हॉलमधल्या प्रत्येक मुलाला न मागता मिळतो, तो या पोरीला आज पहिल्यांदा मिळाला होता. ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग, बाकावर बसल्या बसल्याच, भिंतीला डोकं टेकलं.

वाचकहो, मदत आपण सगळेच करतो, घरी, दारी, कचेरीत. ती करून झाली की एकदा त्या माणसाच्या जागी जाऊन बसावं आणि सोय नक्की कोणाची झाली, ते पाहावं. आणि एखाद्यानं आपली मदत परत केली, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला कारण विचारावं. पहिल्यांदा तो 'काही नाही' म्हणेल. तेव्हा उठून जाऊ नये, पुन्हा विचारावं.