असंतोष : शून्य

तो करडा गोल ठिपका पट्टीच्या बरोबर मधोमध आणून ठेवला, तरी रेवतीला वाटत राहिलं की तो हळूच उजवीकडे सरकतोय – 'सक्ती' असं लिहिलेल्या टोकाकडे. सरकत नव्हता, अर्थात. ठिपका तिनेच बनवलेला, माउस तिच्याच हातात. डाव्या टोकाला 'सवलत', आणि या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एका राज्याची शंभर वर्षं…

पडद्यावर ती बनवत असलेल्या खेळाचा नकाशा होता, नकाशात नदी, आणि नदीपलीकडे विणकरांची वस्ती – दूरच्या मुलखातून आपला देव आणि आपली गाणी घेऊन आलेली मूठभर माणसं. खेळणाऱ्याने राजा व्हायचं आणि त्यांचं काय करायचं ते ठरवायचं. सवलत दिली की ते सुखात राहतात, बाजारात मिसळतात, हवी तिथे लग्नं करतात, आणि तिसऱ्या पिढीत त्यांचा निळा रंग नकाशावरून जातो. कोणी मारत नाही, कोणी हाकलत नाही – नुसते विरघळतात. सक्ती केली, म्हणजे ज्याने त्याने आपलाच देव पुजायचा, वस्तीबाहेर लग्न नाही, मोडलं तर दंड – की निळा रंग शंभर वर्षं जसाच्या तसा, आणि तो टिकला की राजा जिंकला.

सकाळी पुण्याहून जयदीपचा फोन आला होता. कंपनीतला तिचा वरिष्ठ.

"रेवती, लोकांना खेळायचंय गं, समाजशास्त्राचा पेपर नाही द्यायचाय. सक्ती एवढी फायद्याची असेल तर सवलत कोण देणार? सहापर्यंत तोल जमव, नाहीतर विणकर काढूनच टाकू. कोण विचारतंय त्यांना?"

कोण विचारतंय… गणपतीत इथे, या हिंदी मुलखातल्या गावात, खंडेराव गेटजवळच्या मराठी मंडळात आरती मोबाईलवर लावली होती, कारण पुढे उभ्या राहिलेल्या मुलांपैकी एकालाही ती पाठ नव्हती, मोठी माणसं टाळ्या वाजवत मोबाईलच्या मागून ओठ हलवत होती, आणि प्रांजलीने तिची ओढणी ओढून विचारलं होतं, "मम्मी, ये कब खतम होगा?" – आरतीबद्दलच विचारत होती पोरगी, फक्त आरतीबद्दल. पण रेवती घरी आली, संगणक उघडला, तर नकाशावर निळं काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने प्रांजलीला सांगून टाकलं : आजपासून घरात मराठीच. हिंदीत बोललीस तर मी ऐकणार नाही.

"मग माझंही ऐकणार नाहीस का?" तिचा नवरा, मकरंद, हसला होता. कारखान्यात दिवसभर हिंदीत बोलून तो घरीही अर्धा हिंदीतच येतो. प्रांजलीही हसली होती. तिला वाटलं, गंमत आहे.

गंमत नव्हती. रेवतीने एम.एस्सी.ला पदार्थविज्ञान केलेलं, प्रयोग अर्धवट सोडणं तिला ठाऊक नव्हतं. मुलगी "मम्मी, सुनो ना" म्हणाली की ती भाजी चिरत राहायची. "मम्मी!" – चिरत राहायची. एकदा पोरीने रडून दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं, तरी रेवतीने कॅलेंडर उचललं आणि पुन्हा खिळ्याला लावलं. मग प्रांजली गप्प झाली. आणि मग बोलू लागली – मराठीत. "आई, मी जेवले." "आई, मी निघते." छोटी, धुतलेली वाक्यं, साहेबापुढे बोलावं तशी.

जमलं होतं की. प्रयोग यशस्वी.

कामवाली कमळा फरशी पुसत आत आली. "भाभी, बिन्नू खों का हो गओ? अब तो लड़तई नइयाँ."

पोर आता भांडतच नाही, हे कमळाच्याही लक्षात आलं होतं. "मोठी झाली," रेवती म्हणाली, आणि मग भानावर येऊन, "बड़ी हो गई है."

दुपारभर ती आकडे बदलत राहिली. दंड कमी केला, सवलत वाढवली, देवळाला राजाकडून जमीन दिली. काही केल्या सक्तीच जिंकायची. शांत, भरभराटीचं राज्य. असंतोष : शून्य. शून्य? एवढी बंधनं घालून? तिने 'असंतोष' मोजणाऱ्या प्रोग्रामच्या ओळी उघडल्या. तक्रारी, दंगे, पळून जाणारी माणसं – एवढंच मोजलं जात होतं. जो काहीच बोलत नाही, तो समाधानी धरलेला. कोणी लिहिलं हे? वर नाव होतं – तिचंच.

म्हणजे शंभर वर्षं तो निळा रंग… ती माणसं होती की नुसता रंग होता? आतून कधीच रिकामी झालेली घरं मी मोजत होते, आणि खाली लिहीत होते, शांतता.

ती उठली. दिवेलागण झाली होती. तिने देवापुढे निरांजन लावलं, तेवढ्यात प्रांजली न बोलावता येऊन उभी राहिली, हात जोडले आणि संध्याकाळची प्रार्थना म्हणाली – सगळी, कुठेही न अडखळता. आठवीतल्या पोरीचा आवाज, आणि त्यात कोणीच नव्हतं. पूर्वी हीच मुलगी दारातून चपला भिरकावत यायची : "मम्मी, वो बंदर ने ना, माझा डबा खेचला, कसम से!" – कुठली भाषा होती ती? कुठलीच नव्हती. आमची होती.

"प्रांजू," रेवती म्हणाली, "आज स्कूल में क्या हुआ? बता ना, बेटा."

मुलीने वर पाहिलं. क्षणभर काहीतरी हललं चेहऱ्यावर, मग मिटलं.

"काही नाही झालं, आई."

"हिंदी में बोल. जैसे मन करे वैसे बोल. मैं सुन रही हूँ."

"नको, आई. सवय झाली आता."

नमस्कार करून ती आपल्या खोलीकडे वळली. आतल्या टेबलावर फोन थरथरत होता – जयदीप असणार, सहा वाजून गेले होते. रेवती जागची हलली नाही. हात अजून जोडलेलेच होते, पण ती देवाकडे पाहत नव्हती. खोलीच्या दाराकडे पाहत होती. दार हळूहळू लोटलं जात होतं, कुणाला आवाजाचा त्रास होऊ नये इतकं हळू…

आपट. आपट गं बाई, एकदा तरी आपट.