बिनब्रेकची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे आणि मला आता जरा बसायचे आहे. खुर्चीच्या तोंडी हे शोभत नाही, हे मला कळते. पण दुसऱ्यांना बसवता बसवता माझा जन्म उभ्यानेच गेला. तक्रार करायला माझ्याकडे एकच आवाज आहे, डाव्या चाकाची कुरकुर. तिच्यावर तेलाचे दोन थेंब सोडले की माझे म्हणणे संपले, असे लोक धरून चालतात.

मी एका कारखान्यात तयार झाले. वाकवलेल्या नळ्यांचा सांगाडा, काळ्या रेक्झिनची बैठक, मागे ढकलायच्या दोन मुठी, बाजूंना ब्रेकच्या दांड्या आणि पुढे पाय ठेवायच्या दोन पाट्या. तिथल्या तपासनिसाने मला उतारावर उभे केले, ब्रेक लावला, बैठकीवर वाळूचे पोते ठेवले आणि तो चहाला निघून गेला. परत आला तेव्हा मी होते तिथेच होते. "ही पास," म्हणत त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. तो शिक्का कधीच पुसला गेला, पण मला अजून आठवतो.

पुढची बरीच वर्षे मी एका दवाखान्यात काढली. माणसे माझ्यात कण्हत बसत आणि हसत उठत. माझे आभार कोणी मानले नाहीत, त्याचे मला वाईटही वाटत नाही. खुर्चीतून सुटल्याचा आनंद खुर्चीला कोण सांगणार? मला ढकलणारे घाईत असत, दारांच्या चौकटींवर आपटत नेत. लादी पुसणाऱ्या मावशी तेवढ्या ओरडत, "अरे, माणूस आहे त्यात, बटाटे नाहीत." मग दवाखान्यात नव्या, हलक्या खुर्च्या आल्या आणि मला जिन्याखाली ढकलून दिले. तिथून मला सिनेमा शिकवणाऱ्या एका कॉलेजचे स्टोअरवाले काका घेऊन गेले. नाटक-सिनेमाला लागणारे जुने सामान जमवणे हे त्यांचे कामच होते.

मित्रांनो, कौतुक म्हणजे काय ते मला तिथे कळले. चालता चालता कॅमेरा धरला की चित्र हलते. रुळांवर ढकलायची खरी ट्रॉली कॉलेजकडे एकच होती आणि ती नेहमी दुसऱ्याच गटाकडे असायची. मग एका मुलाला सुचले की कॅमेरामनला माझ्यात बसवावे आणि दुसऱ्याने मागून हळूच ढकलावे. तो पहिला शॉट बघून मुलांनी माझ्या मुठी अक्षरशः कुरवाळल्या. तेव्हापासून मला विसावा नाही. कॅमेऱ्याच्या मागे मी आणि पुढेही मीच, कारण विद्यार्थ्यांच्या लघुपटात आजारी आई किंवा पश्चात्ताप झालेले वडील असायलाच हवेत आणि त्यांना बसायला मीच लागे.

या कौतुकात माझे दोन अवयव गेले. एका गटाचा कॅमेरामन उंच होता. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे भिंग म्हणत. कॅमेऱ्याची पिशवी तो उशीसारखी जवळ घेऊन फिरे, दुसऱ्याला हातही लावू देत नसे. त्याचे पाय पाट्यांवर मावेनात आणि खाली कॅमेरा वळवला की पाट्या चित्रात दिसत. ब्रेकच्या दांडीचा आवाजही ध्वनिमुद्रणात येई. काकांनी पाना आणला आणि दोन्ही ब्रेक, दोन्ही पाट्या काढून ठेवल्या. "नंतर लावू," ते म्हणाले. मित्रांनो, पडून जितक्या वस्तू मोडल्या नसतील तितक्या 'नंतर'ने मोडल्या आहेत.

भिंगच्या गटाची दिग्दर्शिका एक बारीकशी मुलगी होती. प्रत्येक शॉट "अजून एकदा" घ्यायला लावी, म्हणून तिचे नाव वन्समोअर पडले होते. तिने आपल्या आजोबांवर नऊ मिनिटांचा लघुपट केला. आजोबा बस चालवून निवृत्त झालेले. कमरेचे हाड मोडल्यापासून पलंग ते खिडकी एवढाच त्यांचा प्रवास उरला होता. खिडकीत बसून ते समोरच्या थांब्यावरच्या बसेसना नापास करत. ही उशिरा आली, त्याने क्लच जाळला, हा वळणावर झोपला होता. शूटिंगसाठी मीही त्या घरी गेले. शेवटचा शॉट माझ्यावरूनच घेतला. स्वयंपाकघरातून निघायचे, घरातल्या अरुंद बोळातून खिडकीपाशी जायचे आणि आजोबांच्या खांद्यावरून खालचा रस्ता बघायचा. वन्समोअरने तो इतक्या वेळा घ्यायला लावला की माझ्या चाकांचा त्या बोळात पट्टा उमटला.

लघुपट पुरा झाल्यावर तिने आजोबांना लॅपटॉपवर दाखवायला घेतला. त्यांनी झाकण लावून टाकले. "गाडी थांब्यावर येऊ दे, मग चढतो. डेपोत घुसून बसायची मला सवय नाही." त्यांना तो मोठ्या पडद्यावर, चारचौघांत बघायचा होता. आणि विद्यार्थ्यांच्या लघुपट महोत्सवात तो निवडला गेला. पहिल्या सत्रात, तिसरा.

"बाबा, आजोबांना फक्त टॅक्सीतून उतरवा," वन्समोअरने वडिलांना सांगून ठेवले. "पुढे आमच्याकडे खुर्ची आहे." आपल्याकडे खुर्ची आहे हे सगळ्यांच्या लक्षात होते. तिच्यात माणूस बसवण्यासारखे काही राहिलेले नाही, हे कोणाच्याच लक्षात नव्हते. महोत्सवाच्या दिवशी सकाळपासून मी स्पीकर आणि पाण्याची खोकी वाहत होते.

टॅक्सी उशिरा आली. आत पहिला लघुपट संपला होता. वन्समोअरने संयोजक सरांना थोडे थांबायची विनंती केली होती. ते म्हणाले, "एका आजोबांसाठी थांबलो तर उद्या प्रत्येकाचे आजोबा येतील."

"येऊ देत ना, सर," ती म्हणाली. त्यावर सरांनी घड्याळाकडे पाहिले.

सभागृहाच्या दर्शनी बाजूला पायऱ्या होत्या, म्हणून मला मागच्या उतारापाशी आणले. सामान चढवायचा तो उतार चांगला लांब आणि उभा होता. आजोबा काठी टेकत माझ्याजवळ आले आणि बसण्याआधी त्यांचा हात आपोआप माझ्या कडेला गेला.

"ब्रेक कुठाय?"

"काढलाय, आजोबा," भिंग म्हणाला. "शॉटमध्ये आवाज यायचा."

"आणि पाय कुठे ठेवू?"

"त्या पाट्या... त्या फ्रेममध्ये यायच्या."

आजोबांनी नातीकडे पाहिले. "बिनब्रेकची गाडी मी कधी डेपोबाहेर काढली नाही, पोरी."

"तुम्हाला कुठे चालवायचीय? तुम्ही नुसतं बसायचं."

"ते तर त्याहून वाईट."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले. वर्षभर ती मला वापरत होती, पण दिसले मी तिला त्या दिवशी. तिचा चेहरा उतरला. "घरी जायचं का, आजोबा?" तिने हळूच विचारले.

"इतक्या लांब आलोय ते घर बघायला?" म्हणत ते माझ्यात बसले.

भिंगने कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला अडकवली, वाकून आजोबांचे दोन्ही पाय हातांत धरले आणि तो उलटा चालू लागला. मागून बापलेक ढकलत होते. बाबांना घाई झाली होती. "चला, चला, सुरू होईल," म्हणत त्यांनी जोर लावला आणि त्यांचाच पाय घसरला. वन्समोअरच्या हातातून मूठ निसटली. मी मागे जाऊ लागले. मित्रांनो, ज्या एका कामासाठी मला पास केले होते ते मला येईना. आजोबांची बोटे जिथे दांडी असायची तिथे काहीतरी शोधत होती.

भिंगने पाय सोडले, झेप घेतली आणि हातात आले ते माझ्या चाकामागे कोंबले. ती त्याची पिशवी होती. आत काहीतरी कट्‌ करून फुटले. त्याने तिकडे पाहिलेही नाही.

मग आजोबाच म्हणाले, "घाटात आमचा क्लीनर असाच चाकामागे दगड लावायचा."

"आता शॉटसारखं न्यायचं," वन्समोअर म्हणाली. "हळू. आधी टाच, मग बोटं. बाबा, तुम्ही ढकलू नका. पिशवी घ्या आणि दर दोन पावलांना चाकामागे लावा."

"अगं, तुझा सिनेमा सुरू होईल."

"होऊ दे."

मी वर निघाले. दोन पावले, पिशवी. दोन पावले, पिशवी. आजोबांनी मान वळवून मुलाकडे पाहिले. "एवढी वर्षं बँकेत काढलीस आणि शेवटी क्लीनरच झालास." बाबा घामाघूम झाले होते, तरी हसले. भिंगने पाय पुन्हा हातांत घेतले होते. दवाखान्यात किंवा कॉलेजात, मला माणसासकट इतके जपून कोणी नेले नव्हते.

दारापाशी पोहोचलो तेव्हा आतून आजोबांचाच आवाज येत होता. ते कुठल्याशा बसला नापास करत होते आणि लोक हसत होते. "माझ्यावर हसतायत?" त्यांनी विचारले. "तुमच्या बोलण्यावर," वन्समोअर म्हणाली. आम्ही अंधारात शिरलो. सात मिनिटे निघून गेली होती. पडद्यावर शेवटचा शॉट सुरू झाला. स्वयंपाकघर, बोळ, खिडकी, म्हाताऱ्या माणसाची पाठ, त्याच्या पलीकडे रस्ता आणि थांब्यावर येणारी बस.

आजोबा शेवटपर्यंत हलले नाहीत. मग मोठ्याने म्हणाले, कारण हळू बोलायची त्यांना सवयच नव्हती, "हे याच खुर्चीतून घेतलंय?"

"हो, आजोबा."

"एक धक्का नाही." मग ते म्हणाले, "कॅमेऱ्याला बरं जपता."

टाळ्या वाजल्या, दिवे लागले. सरांनी मंचावरून पुकारले, "दिग्दर्शिका कुठे आहेत? पुढे या."

मित्रांनो, अशा सभागृहांची जमीन पडद्याकडे उतरती असते. वन्समोअर माझ्या दोन्ही मुठी घट्ट धरून उभी होती. प्रत्येक विद्यार्थी वर्षभर त्या मंचाची स्वप्ने बघतो, तिनेही बघितली होती.

"मी धरतो, जा," भिंग म्हणाला.

"नको," ती म्हणाली आणि तिने मागूनच सांगितले, "इथेच आहे, सर. हात सोडता येत नाहीत."

सगळ्या माना मागे वळल्या. प्रश्नांची उत्तरे तिने तिथूनच दिली. बक्षीस तिला मिळाले नाही. पुढचे लघुपट संपेपर्यंत तिने कोणालाही मुठी धरू दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती आणि भिंग पाना घेऊन आले. ब्रेक काकांच्या खिळ्यांच्या डब्यात सापडले. काकांनी मान खाली घालून स्वतःच्या हातांनी ते बसवले. एक पाटी संकलनाच्या खोलीचे दार उघडे राहावे म्हणून खाली सरकवलेली होती. दुसरी अजून सापडलेली नाही.

मित्रांनो, मी थकले आहे, पण वापरू नका असे म्हणत नाही. कॅमेरे बसवा, खोकी लादा. फक्त माझे काही काढाल तर ते माझ्याजवळच बांधून ठेवा, आणि काम झाले की परत लावा. तुम्हाला अडचण वाटते त्यावर कोणाचे तरी पाय टेकायचे असतात. ती दुसरी पाटी कोणाला दिसली तर आणून द्या. मग मला त्या उतारावर उभे करा, ब्रेक लावा, बैठकीवर वाळूचे पोते ठेवा आणि खुशाल चहाला जा. तुम्ही परत याल तेव्हा मी तिथेच असेन.